पट, गंजिफा आणि खाडाखोडीचे कागद : जुन्या बैठ्या खेळांचा संग्रह करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात उत्तर कसब्यातल्या एका वाड्याची वाटणी होते आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत कापडी सोंगट्यांचा पट, गंजिफांची (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची) पेटी, सापशिडीसारखा आखलेला एक मोठा कागद आणि मोडीतले पंधरा-वीस सुटे कागद निघाले. घरातले पट आणि गंजिफा विकायला तयार आहेत, बाकीचं रद्दीत घालणार आहेत. घ्यावं का, खरं-खोटं कसं ओळखावं आणि इथल्या हवेत जपावं कसं? शिवाय तेवढ्याच पैशांत परदेशी लिलावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन भूमिका-खेळाच्या सुरुवातीच्या काळातलं टंकलिखित घेणं जास्त शहाणपणाचं ठरेल का?

आधी एकच गोष्ट: ट्रंक फोडू नका. घ्यायची तर अख्खी घ्या, तळाच्या चिंध्यांसकट, फुटक्या कवडीसकट. पट आणि गंजिफा देखणे असतात म्हणून विकले जातात आणि टिकतात. खेळ कसा बनला, कसा बदलला, कोण कसा खेळला हे सांगणारे कागद मात्र दिसायला गबाळे असतात, म्हणून ते रद्दीत जातात. ज्याला परदेशात प्रोटोटाइप, म्हणजे खेळाचा पहिला कच्चा नमुना, म्हणतात तो आपल्याकडे बहुधा असल्याच गबाळ्या कागदात सापडतो: खाडाखोड केलेला, घरं पुन्हा मोजलेली, सापाचं तोंड एका घरातून पुसून दुसऱ्या घरात नेलेलं. स्वच्छ, रंगीत, सोनेरी कडांची प्रत पाहायला छान, पण ती पक्की नक्कल असते. खेळ घडताना दिसतो तो कच्च्या खर्ड्यात.

ट्रंक उघडली की काहीही झटकू नका, पुसू नका. जसं आहे तसे फोटो काढा, थर काढत काढत. कोणती चिठ्ठी कोणत्या पेटीत होती, कवड्या कशात बांधल्या होत्या, हे एकदा विस्कटलं की परत जुळत नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, पण चिकटपट्टी नको. कागदावर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, मागच्या बाजूला लिहा. कापडाला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. बॉलपेन जवळपासही नको.

आता गंजिफा. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर पसरा आणि पानं रांगेत लावा. दशावतारी संच असेल तर १० रंग आणि प्रत्येक रंगात १२ पानं: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण १२०. मोगली संच ८ रंगांचा, म्हणजे ९६ पानांचा, आणि त्याचे रंग ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. सोलापूरच्या पलीकडे धाराशिवपासून १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख होता, त्यामुळे मोगली संच इथे निघाला तर नवल नाही. इथली तेलुगू घराणी तेलंगणातून आलेली आहेत, तिकडे निर्मळला गंजिफा होत असत. दक्षिणेला म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वोडेयारांनी तर ३६० पानांपर्यंतचे खेळ रचले. म्हणून पानं १२० किंवा ९६ भरत नाहीत एवढ्यावरून 'अपुरा संच' असा निकाल देऊ नका. आधी रंग मोजा, मग प्रत्येक रंगातली पानं.

दोन अर्धवट संच एकत्र करून एक पुरा म्हणून विकणं ही या धंद्यातली जुनी खोड. ती पकडायला पानाचं चित्र नव्हे, पाठ पाहा. एका संचाची पाठ एकाच हाताने रंगवलेली असते, लाखेची झाक सारखी असते. मग कॅलिपरने व्यास मोजा. हातकापीव पानांत एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, पण आकडे दोन गटांत स्पष्ट विभागले गेले तर संच दोन आहेत. याउलट एखादंच पान वेगळ्या हाताचं असेल, चित्र अडाणी, पाठ भलत्याच रंगाची, तर आनंदाने ठेवा. हरवलेल्या पानाच्या जागी घरातल्याच कुणीतरी ते केलेलं असतं, आणि हा संच खरोखर खेळला गेला याचा त्याहून चांगला पुरावा नाही. व्यापारी अशी पानं काढून टाकतात. त्यांना काढू देऊ नका.

रंग ओळखताना एक अडचण येते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम इथवर वाद नसतो. पुढे कृष्णाच्या जागी बलराम येतो, बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातल्या दशावतार चित्रांत तर बुद्धाच्या जागी कटेवर हात ठेवलेला विठोबाही दिसतो. पंढरपूर हाकेच्या अंतरावर असलेल्यांना हे सांगायला नको, पण मुंबईचा दलाल त्याला 'चुकीचं पान' म्हणून किंमत पाडू शकतो. मोडीतल्या चिठ्ठ्यांत 'दिवसा राम, रात्री कृष्ण' अशा अर्थाचं काही आढळलं तर ती गंजिफाच्या नियमांचीच चिठ्ठी आहे. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. तिघांचा खेळ असल्याने १२० पानांच्या डावात प्रत्येकी ४० येतात. हिशेबाच्या चिठ्ठीवर तीनच रकाने दिसले तर तीही याच पेटीची समजा.

पान जुनं की नवं हे कडेवरून कळतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जुन्या पानाच्या कडेला थर दिसतात: कागद किंवा कापडाचे पदर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवलेले, वर खडूसारखं पांढरं अस्तर, मग रंग, मग लाख. कड साच्याने छाटल्यासारखी एकसारखी गोल आणि आत सलग यंत्राचा पुठ्ठा असेल तर पान अलीकडचं. अलीकडचं म्हणजे खोटं नव्हे. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने, शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली आणि तिथले संच आजही होतात. ते उत्तमच आहेत, फक्त त्यांना जुन्याचा भाव देऊ नका.

सोंगट्यांच्या पटाबद्दल सोलापूरकराला फारसं शिकवावं लागणार नाही, कापड ओळखणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. पटाच्या प्रत्येक फाट्यात तीन ओळी, ओळीत आठ घरं, म्हणजे २४, आणि चार फाट्यांची ९६. कवड्यांनी खेळायच्या पटावर बहुधा प्रत्येक फाट्यात तीन फुल्या असतात, एकूण १२. फाशांनी खेळायच्या चौसराला फुल्या नसल्या तरी चालतं, म्हणून फुल्या नाहीत हा दोष धरू नका. घरं ९६ भरत नसतील तर मात्र सावध व्हा. असे पुष्कळ पट पर्यटकांसाठी भिंतीवर लावायला केलेले असतात आणि ते शिवणाऱ्याला खेळ माहीत नसतो.

कापड एखाद्या जुन्या विणकराला दाखवा. तो पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) लावून इंचाला किती पिक, म्हणजे आडवे धागे, आहेत ते पाहील आणि सूत हातचं की गिरणीचं हे बोटाने सांगेल. सोलापुरात पहिली कापडगिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणतो, ती १८७७ ची. गिरणीचं एकसारखं सूत दिसलं म्हणजे पट विसाव्या शतकाचाच असं नाही, पण 'पेशवाईतला पट' हा दावा तिथेच संपतो. रंगाचंही तसंच. झगझगीत जांभळा किंवा गुलाबी रंग मूळ कापडात असेल तर तो कोळशाच्या डांबरापासून केलेला कृत्रिम रंग असण्याचा संभव मोठा, आणि तसला पहिला रंग १८५६ मध्ये विलायतेत निघाला. जरीचा एखादा आधीच सुटलेला धागा मिळाला तर तो जाळून पाहा: सुताचा गाभा असेल तर जळक्या कागदाचा वास आणि राख, पॉलिस्टर असेल तर वितळून गोळी. यासाठी पटातून धागा ओढून काढू नका. सुटलेला नसेल तर ही परीक्षा सोडून द्या.

झीज कुठे आहे ते पाहणं सगळ्यात खात्रीचं. खऱ्या पटाची झीज घरांच्या ओळींवर आणि मधल्या चौकात असते, कारण सोंगट्या तिथून सरकतात आणि पिकून तिथेच येतात. घड्यांवर विरलेपण असतं. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला पट सगळीकडे सारखा तपकिरी असतो, शिवणीच्या आतल्या बाजूलासुद्धा. शिवण किंचित उघडून आत डोकावलं की काम झालं.

सोंगट्या १६, चार रंगांच्या चार-चार. लांबट फासे असतील तर त्यांच्या चार बाजूंवर १, २, ५, ६ किंवा १, ३, ४, ६ अशा खुणा आढळतात. फासे वा सोंगट्या पांढऱ्या-पिवळसर आणि जड असतील तर आडव्या छेदाकडे भिंगातून पाहा. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्ररेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत, बारीक टाचणीसारखी छिद्रं दिसली तर हाड. हस्तिदंत निघालं तर तेवढ्या वस्तूंचा व्यवहार तिथेच थांबवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री बंद आहे आणि 'आजोबांच्या काळातलं आहे' ही सबब चालत नाही. कासवाच्या पाठीच्या वस्तूंचंही तेच. ट्रंक फोडू नका या सल्ल्याला हा एकच अपवाद. ते तुकडे मूळ घरातच राहू द्या आणि तुमच्या यादीत फोटोसह तशी नोंद करा.

आता तो आखलेला मोठा कागद. विकणारा त्याला ज्ञानेश्वरांचा मोक्षपट म्हणेल. परंपरा तसं म्हणते, पण तिला समकालीन पुरावा नाही, आणि बाजारात हाती लागणारे पट बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे असतात. घरं मोजा. ८४ असतील तर पट जैन परंपरेचा असण्याची शक्यता. हे मुख्यतः गुजरात-राजस्थानकडचे, पण सोलापुरात व्यापारानिमित्त स्थिरावलेली जैन घराणी पुष्कळ, त्यामुळे अशक्य नाही. ७२ असतील तर बहुधा वैष्णव. १०० घरांचेही पट आढळतात. फक्त आकडे आहेत की घराघरात नावं आहेत, हे महत्त्वाचं. नावं असतील तर प्रत्येक घराचा स्वतंत्र फोटो घ्या, कारण कोणत्या पापाचा साप कोणत्या घरातून निघतो यावरच पटांची कुळं ठरतात.

हा खर्डा आहे की पक्की प्रत, हे कसं कळेल? कागद उजेडासमोर धरा. रेघांच्या बाजूने सुईची टोचण आणि कोळशाच्या भुकटीचे ठिपके असतील तर तो खाका आहे, म्हणजे चित्रकाराने याच्यावरून दुसऱ्या प्रती उतरवल्या. अक्षरांवर पिवळा लेप देऊन वर पुन्हा लिहिलं असेल तर ती हरताळ आहे. पोथ्यांत चूक झाकायला हरताळ लावत, 'हरताळ फासणे' त्यातूनच आलं. असा पिवळा पट्टा दिसला की त्याच्याखाली काय होतं ते वाचायचा प्रयत्न करा: तिरप्या उजेडात फोटो, पाठीमागून उजेड देऊन फोटो. खेळ रचणाऱ्याने काय बदललं हे तिथे असतं. मात्र हरताळ म्हणजे सोमलाचं संयुग, लाल हिंगुळात पारा, पांढऱ्यात बहुधा शिसं. हातमोजे घाला, जवळ खाणंपिणं नको, आणि रंगाची पूड उडत असेल तर कागद हलवूही नका. जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा, कागद खातो. हिरव्या रेघेवरच कागद चिरला असेल तर ती मुद्दाम केलेली झीज नव्हे, जंगालाचं काम आहे.

कागदाचा काळ ठरवताना बनावटींचा विचार आधी करा. सर्वांत सरसकट बनावट ही की कागद खराखुरा जुना, एखाद्या वहीचं पान किंवा मुद्रांक, आणि त्यावर चित्र नवं. भिंगातून घडी पाहा. चित्र काढल्यावर घडी पडली असेल तर घडीवर रंग तडकून उडालेला असतो. घडी आधीची असेल तर रंग भेगेत उतरलेला दिसतो. जुन्या मोडी मजकुरावरून रंग गेलेला असेल, म्हणजे मजकूर चित्राखाली असेल, तर नव्वद टक्के निकाल लागला. छापील कागद असेल तर भिंगाखाली ठिपके पाहा: चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ती ऑफसेट छपाई, शिळाछापाचा दाणा ओबडधोबड असतो.

अतिनील टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची, काही शे रुपयांत मिळते आणि तिचा उपयोग आहे. कागद अंधारात निळसर-पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, म्हणजे तो साधारण १९५० नंतरचा. कापडावर हीच परीक्षा फसते. शंभर वर्षांचा पटही कुणी हल्लीच्या पावडरीत एकदा धुतला असेल तर दिव्यासारखा चमकतो.

तारीख लिहिलेली असेल तर तिला संवत्सराशी, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावाशी, ताडून पाहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९), फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९. संवत्सर काढायची सोपी रीत: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजायचा. शके १७९० घ्या: १८०२ भागिले ६०, बाकी २, म्हणजे विभव संवत्सर. कागदावर शके १७९० आणि संवत्सर भलतंच असेल तर लेखकाची चूक असू शकते, पण बनावट करणाऱ्याची असण्याचा संभव जास्त. बनावट करणारे शक लिहितात, संवत्सराचा हिशेब करत नाहीत.

मोडी वाचून घेतल्यावर नियम नवे आहेत की उतरवलेले, हे जुन्या ग्रंथांशी ताडून ठरवावं लागतं. बसवकल्याणच्या चालुक्यांचा, सोमेश्वर तिसऱ्याचा 'मानसोल्लास' ११३० च्या सुमाराचा, त्यात फासे, कवड्या आणि बुद्धिबळ यांवर प्रकरणं आहेत आणि तो गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापलेला आहे. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मांचं 'क्रीडाकौशल्य' हे दुसरं. तुमच्या चिठ्ठीतले श्लोक 'क्रीडाकौशल्या'शी शब्दशः जुळले तर ती छापील पुस्तकावरून केलेली नक्कल असू शकते. जुळले नाहीत, किंवा थोडे वेगळे निघाले, तर तो कागद पुण्याला न्यायच्या लायकीचा. भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर संस्थेत दाखवा, खेळांच्या वस्तूंशी ताडायला केळकर संग्रहालय आहे. नेताना दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट, मांडीवर. हुतात्मा एक्सप्रेसच्या वरच्या फळीवर नको.

कायद्याचं दोन वाक्यांत. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरच्या कलावस्तू आणि ७५ वर्षांवरची ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्याचं मूल्य असलेली हस्तलिखितं पुरावशेष ठरू शकतात. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, चित्रं असलेल्या हस्तलिखितांची आणि कागद-कापडावरच्या चित्रांची नोंदणी करावी लागते, आणि विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो. परदेशातल्या भाच्याकडून लिलावात घालू म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

जपणूक हा सोलापुरात खरा कठीण भाग. इथे पाऊस कमी म्हणून कागद टिकतो असं लोक समजतात. कोरडेपणा एकवेळ परवडतो, घातक असतो तो चढउतार. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार आणि हवा भट्टीसारखी कोरडी. त्यात घरोघरी कूलर. कूलर सुरू झाला की खोलीतली आर्द्रता तासाभरात दुपटीने वाढते, बंद केला की कोसळते. गंजिफाचं पान वरून लाखेने बंद आणि कडेने उघडं, ते असमान फुगतं आणि वाटीसारखं वळतं. दोन उन्हाळ्यांत लाख तडकते. म्हणून कूलरच्या खोलीत काहीही ठेवू नका. दिवसा चालू, रात्री बंद असा एसीही नको. वाड्यातली मधली, सूर्य न लागणारी खोली, आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, जमिनीपासून अर्धा फूट वर आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुटं, हे कुठल्याही यंत्रापेक्षा चांगलं. आत एक डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं पाहा.

पत्र्याच्या ट्रंका वाळवीपासून वाचवतात, पण माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात ट्रंक तापते, लाख मऊ होते आणि वजनाखाली पानं एकमेकांना चिकटतात. तुमच्या पेटीतही अशी जोडपानं निघतील. सुरीने किंवा नखाने सोडवू नका, वरचं चित्र खालच्या पानावर निघून येईल. स्पिरिट, सॅनिटायझर तर मुळीच नको, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. गठ्ठा आठवडाभर थंड, कोरड्या जागी सपाट ठेवा. काही पानं आपोआप सुटतात. न सुटणारी तशीच राहू द्या, ते काम संवर्धकाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. सुटलेली पानं उभी-आडवी रचू नका. दर दोन पानांमध्ये सिलिकॉनचा लेप असलेला कागद घाला आणि दहा-बारापेक्षा उंच थर नको.

पट घडी घालून ठेवू नका. तीन-चार इंच व्यासाच्या नळीवर गुंडाळा. नळी साध्या पुठ्ठ्याची असेल तर आधी पॉलिस्टर फिल्म, मग मांजरपाट, मग पट, रंगाची बाजू बाहेर. बाहेरून पुन्हा मांजरपाट. इथे मांजरपाट मिळायला अडचण नाही, पण तो कोरा वापरू नका. त्यात खळ असते आणि खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. साबणाशिवाय गरम पाण्यात दोनदा धुऊन, उन्हात वाळवून मग वापरा. कागद ठेवायला आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी, नाहीतर पॉलिस्टरचे लिफाफे. पीव्हीसीचे फोल्डर नकोत, लॅमिनेशन तर नकोच, सेलोटेप लावलेली असेल तर तुम्ही स्वतः काढू नका. आपली जुनी शाई काजळी आणि डिंकाची, ती पाण्याने सुटते, म्हणून ओल्या फडक्याने डाग पुसायचा मोह आवरा.

कीड दिसली तर डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ लाखेवर आणि रंगावर बसते आणि तुमच्या फुप्फुसातही जाते. जुन्या पोथ्यांच्या कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवत, ती ठेवा, पण कागदाला टेकवून नको. साध्या सुती पटाला आणि रंग नसलेल्या कागदांना गोठवणं लागू पडतं: जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा, आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसल्या, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर दव थेट कापडावर धरतं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा या कामाचा नाही, त्यात तापमान वरखाली होतं. गंजिफा, लाकडी सोंगट्या आणि जाड रंगाचा मोक्षपट मात्र गोठवू नका. थर वेगवेगळ्या गतीने आकसतात आणि रंग खपलीसारखा सुटतो.

पावसाळ्यात सिलिका जेल ठेवता येतं, २० लिटरच्या बंद डब्याला सुमारे ४०० ग्रॅम, नारिंगी रंगाचं. ऑक्टोबर सरला की काढून घ्या. पूर्ण वाळवलेलं जेल उन्हाळाभर राहिलं तर आधीच कोरड्या हवेत उरलंसुरलं पाणीही ओढून घेतं आणि कागद कुरकुरीत होतो.

राहिला प्रश्न परदेशी टंकलिखिताचा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हामधून निघालं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं. पहिली छपाई १००० प्रतींची, लाकडाच्या रेषांसारखा कागद चिकटवलेल्या खोक्यात तीन पुस्तिका. छापील प्रतींची ओळख तुलनेने सोपी: सुरुवातीच्या छपायांत हॉबिट आणि एंट हे शब्द आहेत, ज्याच्या कादंबऱ्यांतले हे शब्द त्या टॉल्किनच्या हक्कदारांच्या आक्षेपानंतरच्या छपायांत ते हाफलिंग आणि ट्रीएंट झाले. पण तुम्हाला हवं आहे ते छपाईपूर्व टंकलिखित, आणि तिथे पाय घसरतो. खेळून पाहणाऱ्यांना दिलेल्या प्रतींवरून लोकांनी आणखी प्रती काढल्या, त्यावरून आणखी. छायाप्रतीवर तारीख नसते, शाईवरून वय सांगता येत नाही, गंजका स्टेपल कुणीही लावू शकतो. उरतं फक्त मजकुराची तुलना करणं. १९७३ च्या मसुद्याची प्रतिकृती २०२४ मध्ये या खेळाच्या पन्नाशीच्या ग्रंथात छापली गेली. अभ्यासासाठी तो ग्रंथ पुरतो. पण ती सगळ्यांना उपलब्ध झाल्याने बनावट करणाऱ्यालाही नमुना मिळाला, म्हणून त्यानंतर अचानक 'सापडलेल्या' कागदांकडे दुप्पट संशयाने पाहा.

'मोनोपॉली'च्या हाताने काढलेल्या पटांची गोष्ट मोक्षपटाच्या जास्त जवळची. ज्यातून 'मोनोपॉली' निघाली त्या 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये घेतलं. पुढची तीस वर्षं लोक मेणकापडावर, कागदावर स्वतःच पट आखून खेळत होते. त्यामुळे हाताने काढलेला प्रत्येक जुना पट म्हणजे 'मोनोपॉली' आपल्या नावावर विकणाऱ्या चार्ल्स डॅरोचा मूळ नमुना नव्हे. तिथे कूळ ठरतं ते चुकीवरून. अटलांटिक सिटीजवळच्या वस्तीचं नाव मार्व्हेन गार्डन्स, ते एका पटावर मार्व्हिन असं उतरलं, डॅरोने तसंच उचललं आणि छापील खेळातही तेच गेलं. तुमच्या मोडी कागदांतही हेच करा: दोन प्रतींत एकच विचित्र चूक असेल तर एक दुसरीवरून उतरलेली आहे, किंवा दोन्ही एकाच तिसऱ्या प्रतीवरून.

माझं मत विचाराल तर सोलापुरात राहणाऱ्याने ट्रंक घ्यावी. अमेरिकेतल्या टंकलिखिताची शहानिशा इथून होत नाही. त्यात बोलीवर लिलावगृहाचं कमिशन, बहुधा बोलीच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढं, वर विमा, वाहतूक, सीमाशुल्क. ट्रंकेची शहानिशा करणारी माणसं मात्र अक्कलकोट, पंढरपूर, पुणे एवढ्या टापूत आहेत.

सौदा करताना भाव वस्तूगणिक काढा, पण पावती एकच करा आणि तिला वस्तूंची क्रमांकासह यादी जोडा. विकणाऱ्या सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्या, वाटणीचा वाडा आहे, उद्या पाचवा भाऊ उभा राहील. त्याच दिवशी घरातल्या सर्वांत वयस्कर आजींना किंवा आजोबांना पट पसरून दाखवा आणि त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्डिंग करा: कोण खेळायचं, श्रावणात की बारमाही, कवड्या किती, फुलीवरची सोंगटी मारता यायची का, पंचवीस पडल्यावर काय म्हणायचे, गंजिफा कुणी आणल्या. उत्तरं विसंगत आली तरी तशीच ठेवा, दुरुस्त करू नका. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करा आणि ट्रंकेच्या यादीत रेकॉर्डिंगला शेवटचा क्रमांक द्या.